उत्तराच्या आधीचं बोलणं

साताऱ्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सात वाजता डोकावलं, तर पंख्याची घरघर सोडून काही ऐकू येत नाही. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, खुर्च्यांना अडकवलेल्या सॅक, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. बहुतेक जण स्पर्धा परीक्षेचे. पण प्लगपॉइंट बघून जागा धरलेली दोन-चार मुलंमुली वेगळी ओळखू येतात. समोर लॅपटॉप, वहीत चौकोन आणि बाण. कुणाचं इंजिनिअरिंग झालेलं, कुणाचं बीसीएस किंवा एमसीए, आणि तयारी चाललेली पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इंटरव्ह्यूची. आठ-आठ तास बसतात. त्या आठ तासांत तोंडातून एक शब्द निघत नाही.

मला काळजी वाटते ती नेमकी याची. ही मुलं कमी पडतात ती अभ्यासात नाही. त्यांचं गणित पक्कं असतं, कष्टाची सवय असते. पण लहानपणापासून एक गोष्ट अंगात भिनलेली असते: उत्तर पूर्ण तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वर्गात हात वर करायचा तो उत्तर येत असेल तरच. चुकलं तर हसं होतं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आणि डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाला ऐकायचं असतं ते नेमकं अर्धवट असताना, डोक्यात शिजत असताना काय चाललंय ते. तयार उत्तर त्याला मिळालं नाही तरी चालतं. वाट मात्र दिसली पाहिजे.

तिथपर्यंत पोचण्याआधी एक चाळणी असते, आणि तिच्यात बोलण्याचा संबंधच नाही. ऑनलाइन टेस्ट. आकडेमोड, तर्क, इंग्रजी, आणि शेवटी साधारण एक ते दीड तासात दोन किंवा तीन प्रोग्रॅम. इथे चांगली मुलं अगदी क्षुल्लक कारणांनी गळतात, म्हणून ती कारणं सांगतो.

पहिलं कारण टेस्टच्याही आधीचं, फॉर्ममधलं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पोर्टल विचारतं ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’. घाईत मार्कशीट बघून भरलं की आडनाव फर्स्ट नेममध्ये जातं आणि वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. पुढे ओळखपत्राची पडताळणी अडते, नोकरी लागल्यावर पीएफच्या खात्यातही तोच घोळ. एकदाच ठरवायचं: आधार, पॅन आणि बँक यांवर जो क्रम आहे तोच सगळीकडे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची आणखी एक अडचण असते. फॉर्ममध्ये बारावीचे मार्क मागतात आणि रकाना रिकामा सोडता येत नाही. तिथे ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असा पर्याय असतो का ते आधी शोधायचं. नसेल तर मनाने आकडा टाकायचा नाही, कंपनीला मेल करून विचारायचं. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नसावा अशी अट असते. ५९.८ ला साठ लिहिलं तर कागदपत्रं तपासताना हातात आलेली ऑफर जाते.

दुसरं कारण कॉलेजच्या प्रॅक्टिकलची सवय. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम शिकवतात. वर ‘कोनिओ’ची हेडर फाइल, पहिली ओळ ‘क्लिअर स्क्रीन’ची, शेवटी ‘गेटसीएच’, आणि मेनच्या आधी ‘व्हॉइड’. टेस्टमधला कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, बहुधा लिनक्सवरचा असतो. त्याला कोनिओ माहीतच नसतं, प्रोग्रॅम पहिल्या ओळीलाच मरतो. आणि ‘एंटर अ नंबर’ छापण्याची सवय! मास्तरांना ते आवडायचं, त्याचे मार्क मिळायचे. टेस्टमध्ये मात्र उत्तर माणूस वाचत नाही, मशीन अक्षराला अक्षर जुळवून बघतं. अपेक्षित उत्तर फक्त ‘१२’ आहे आणि तुम्ही ‘द आन्सर इज १२’ छापलंत, तर लॉजिक बरोबर असूनही सगळे टेस्टकेस, म्हणजे तपासणीची उदाहरणं, लाल. जावावाल्यांचा खड्डा वेगळा. जावातल्या ‘स्कॅनर’ने, म्हणजे इनपुट वाचणाऱ्या साधनाने, ‘नेक्स्ट इंट’ वापरून आकडा वाचला की ओळीच्या शेवटचं एंटर तिथंच पडून राहतं. पाठोपाठ ‘नेक्स्ट लाइन’ वापरलं तर ते रिकामी ओळ हातात देतं आणि मुलगा वीस मिनिटं स्वतःच्या लॉजिकमध्ये चूक शोधत बसतो. उपाय एका ओळीचा: आकडा वाचल्यावर एक रिकामं ‘नेक्स्ट लाइन’ टाकून ते एंटर खाऊन टाकायचं.

घरून टेस्ट देताना विजेचा आणि नेटचा बंदोबस्त अभ्यासाइतकाच महत्त्वाचा आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, हे वीज गेल्यावरच लक्षात येतं. बरेच घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यायचे. तो नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच एकदा लॅपटॉपला जोडून ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधत बसावं लागत नाही. जुन्या वाड्यांतल्या जाड दगडी भिंतींतून वायफाय अडकत येतं, तिथे राउटरच्या खोलीतच बसावं किंवा सरळ केबल लावावी. टेस्ट चालू असताना दुसरी विंडो उघडली की त्याची नोंद होते, अगदी अपडेटची सूचना पुढे आली तरी. म्हणून आदल्या रात्री सगळ्या सूचना बंद. आणि घरच्यांना सांगून ठेवायचं. मागून आजी चहा घेऊन आली तर कॅमेऱ्याला दुसरा माणूस दिसतो, त्याला आजी कळत नाही.

आता खरा इंटरव्ह्यू. साधारण पाऊण तासाचा. पहिली पाच मिनिटं ओळख, शेवटची पाच तुमच्या प्रश्नांची, मधला सगळा वेळ एक किंवा दोन प्रश्न. स्क्रीनवर कोरा एडिटर, आणि समोरच्या चौकटीत एक माणूस, जो दिवसभरात कदाचित चौथा इंटरव्ह्यू घेतोय.

प्रश्न अगदी साधा घेऊ. संख्यांची एक यादी दिली आहे आणि एक बेरीज. यादीतल्या कुठल्या दोन संख्या मिळवल्या की ती बेरीज होते ते शोधा. तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हा केलेला असतो. तरीही यात माणसं नापास होतात.

गप्प बसणारा कसा नापास होतो ते बघा. प्रश्न ऐकतो, ‘ओके सर’ म्हणतो आणि टाइप करायला लागतो. दोन मिनिटं जातात, तीन जातात. पलीकडच्याला फक्त कर्सर पळताना दिसतो. मध्येच सगळं पुसतो, पुन्हा लिहितो. पलीकडचा विचारतो, “काय विचार करताय?” हा म्हणतो, “सर, एक मिनिट, होतंय.” शेवटी कोड होतो, चालतोही. पण समोरच्याच्या कागदावर काहीच लिहिलं जात नाही, कारण लिहिण्यासारखं काही ऐकूच आलं नाही. कोड पाठ होता की सुचला, हे त्याने ओळखायचं कसं?

बोलणारा सुरुवात प्रश्नांनी करतो. यादी क्रमाने लावलेली आहे का? एकच संख्या दोनदा असू शकते का? उणे संख्या आहेत का? जोडी सापडलीच नाही तर काय परत द्यायचं? किती मोठी यादी? समजा उत्तर आलं, एक लाख संख्या. मग तो म्हणतो, सगळ्यात सरळ वाट म्हणजे प्रत्येक संख्येची प्रत्येकीशी बेरीज करून बघणं. पण लाख संख्यांच्या जोड्या होतात जवळजवळ ५०० कोटी. सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया धरल्या तरी पन्नास सेकंद लागतील, आणि मर्यादा बहुधा एक-दोन सेकंदांची. तेव्हा ही वाट बरोबर आहे, पण परवडणारी नाही. दुसरी वाट: यादीतून एकदाच चालत जायचं, पाहिलेली प्रत्येक संख्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे हवी ती गोष्ट झटकन सापडेल अशा साठ्यात, टाकायची, आणि प्रत्येक पावलाला विचारायचं की बेरजेला कमी पडणारी संख्या आधी भेटली आहे का. एकाच फेरीत काम होतं, बदल्यात मेमरी जास्त लागते.

इथपर्यंत एकही ओळ लिहिलेली नाही आणि निम्मा इंटरव्ह्यू जिंकलेला आहे. हे मी मनापासून सांगतो, कारण मुलांना हे खोटं वाटतं.

मग कोड. त्यातही एक बारकी जागा आहे. आधी संख्या मॅपमध्ये टाकली आणि मग शोधलं, तर बेरीज १२ हवी असताना यादीत एकच ६ असला तरी तो स्वतःशीच जोडी जमवतो. आधी शोधायचं, मग टाकायचं. दोन ओळींचा क्रम, एवढंच. ही चूक कुणी केली आणि हाताने उदाहरण चालवून स्वतःच पकडली, तर ते चूक न करण्यापेक्षाही चांगलं दिसतं. आणि बोलणारा शेवटी आणखी एक विचारतो: संख्या किती मोठ्या? जावामध्ये ‘इंट’ हा पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच पोचतो. दीडशे कोटी आणि दीडशे कोटी मिळवले तर तीनशे कोटी होत नाहीत, उणे १२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होतात, आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. म्हणून तिथे ‘लाँग’ हा मोठ्या संख्यांचा प्रकार.

या सगळ्या वेळात पलीकडून मधूनमधून एखादं वाक्य येतं, आणि त्या वाक्यांचा अर्थ आपल्याकडे हटकून उलटा लागतो. ‘आर यू शुअर?’ शाळेत मास्तरांनी “नक्की का?” विचारलं की समजायचं, चुकलं, बसा खाली. इंटरव्ह्यूत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कारण सांगा. बरोबर उत्तर दिलेला मुलगा हा प्रश्न ऐकून घाबरतो आणि उत्तर बदलतो, हे फार वाईट वाटायला लावणारं दृश्य आहे. ‘कॅन वी डू बेटर?’ म्हणजे रागावणं नाही, इशारा आहे: यापेक्षा कमी वेळेची वाट अस्तित्वात आहे, शोधा. ‘यादी रिकामी असेल तर?’ म्हणजे तुमच्या कोडमध्ये तिथे भोक आहे. हे सगळे मदतीचे हात असतात. ते धरायला शिकायला हवं, आणि ‘हो, ती शक्यता माझ्याकडून राहिली, बघतो’ असं म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.

‘माहीत नाही’ हेही म्हणायला शिकायला हवं, पण तिथेच थांबायचं नाही. डेटाबेसमध्ये इंडेक्स आतून कसा ठेवतात हे ठाऊक नसेल, तर जिथपर्यंत ठाऊक आहे तिथपर्यंत जायचं: इंडेक्समुळे शोध लवकर होतो हे माहीत आहे, नोंद टाकताना थोडा जास्त वेळ जातो हेही माहीत आहे, आत रचना झाडासारखी असावी असा अंदाज आहे. अंदाजाला अंदाज म्हणायचं. थाप मारली की पुढचे तीन प्रश्न त्या थापेवरच येतात.

प्रोजेक्टचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, कुठून तरी आणलेले, कधी पैसे देऊन आणलेले. पहिल्याच ‘का?’ला ते कोसळतात. टेबलं किती, पासवर्ड कसा ठेवला, दोघांनी एकाच क्षणी शेवटचं पुस्तक मागितलं तर काय होईल? ज्याने लिहिलंच नाही तो काय सांगणार! आणि तीच मुलं ज्या गावांतून येतात तिथे इंटरव्ह्यूला पुरून उरतील असे प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ समोर उभे असतात. दूध संकलन केंद्राचंच घ्या.

शेतकरी किटली घेऊन येतो. लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतात, दराच्या तक्त्यावरून रुपये ठरतात, चिठ्ठी हातात मिळते, दहा दिवसांनी हिशेब. वरवर पाहता एक टेबल, पाच रकाने. आता एकेक प्रश्न घाला. पैसे कुठल्या प्रकारात ठेवायचे? ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात ठेवले तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण दशांशातले हे आकडे बायनरीत नेमके मावत नाहीत. दहा दिवसांच्या वीस नोंदी, शेकडो शेतकरी, आणि चिठ्ठ्यांची बेरीज बिलाशी जुळत नाही. एक पैसा चुकला तरी केंद्रावर भांडण होतं, आणि शेतकऱ्याचं भांडण रास्तच असतं. म्हणून पैसे पूर्णांकात, पैशांत ठेवायचे, किंवा ‘डेसिमल’ प्रकारात. पुढचा प्रश्न: रेंज कमी आहे, सेक्रेटरीने ‘सेव्ह’ दोनदा दाबलं, नोंद दोनदा पडली. उपाय म्हणून शेतकऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ, सकाळ की संध्याकाळ, या तिघांवर मिळून ‘युनिक’ची, म्हणजे तीच जुळणी दुसऱ्यांदा न घेण्याची, अट घालायची. छान. पण मग एकाच शेतकऱ्याने गाईचं आणि म्हशीचं दोन्ही दूध आणलं तर? दुसरी नोंद अडकेल. तेव्हा दुधाचा प्रकारही त्या अटीत हवा. आणि गाईच्याच दोन किटल्या आल्या तर? आता ही अटच चुकीची ठरते. मग प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतःचा वेगळा ओळख-क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर नोंद दुसऱ्यांदा घ्यायची नाही. हीच युक्ती जावळी-पाटणकडच्या, रेंज नसलेल्या केंद्रावरही चालते: नोंदी फोनमध्ये साठवायच्या, रेंज आली की पाठवायच्या, दोनदा गेल्या तरी हिशेब बिघडत नाही.

मोठमोठ्या पेमेंट कंपन्या याच प्रश्नाशी झगडतात. त्यांच्याकडे त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण प्रश्न तोच, किटलीचा. ज्या मुलीने हे स्वतः केंद्रावर उभं राहून पाहिलंय, तिने रेझ्युमेवर लायब्ररी मॅनेजमेंट का लिहावं?

रेझ्युमे एक पानाचा बास. त्यावरचा प्रत्येक शब्द म्हणजे तुम्ही स्वतः दिलेला प्रश्न, एवढं लक्षात ठेवलं की निम्मे शब्द आपोआप गळतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, लिहिलं असेल तर दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगणारच. क्रम लावून एक ओळ सोडून दुसरी घेतली, तर सर्वाधिक पगार दोघांना असल्यावर उत्तर चुकतं. आधी वेगवेगळे पगार काढायचे, मग दुसरा. लेफ्ट जॉइन, म्हणजे डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडणं, करून उजव्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये घातली की न जुळलेल्या ओळी निघून जातात आणि लेफ्ट जॉइनला अर्थच राहत नाही, ती अट ‘ऑन’मध्ये हवी. या दोन गोष्टी आल्या तर फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत एसक्यूएलचा बराचसा भाग सुटतो.

इंग्रजीबद्दल. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की सगळं इंग्रजीपाशी अडतं. मला तसं वाटत नाही. अडतं ते एकाच वेळी दोन कामं करताना, म्हणजे विचारही करायचा आणि भाषांतरही. त्यातलं एक काम आधीच करून ठेवता येतं. इंटरव्ह्यूत लागणारी इंग्रजी वाक्यं मोजकी असतात: मी प्रश्न असा समजलो, बरोबर का, आधी सोपी पद्धत सांगतो, याला इतका वेळ लागेल, मला दोन मिनिटं विचार करायला द्या, इथे माझी चूक झाली, सुधारतो. अशी पंधरा-वीस वाक्यं साध्या शब्दांत स्वतः तयार करायची आणि जिभेवर बसेपर्यंत म्हणायची. मग डोकं प्रश्नासाठी मोकळं राहतं. विचार मराठीत केला तर काही बिघडत नाही. स्वतःची ओळख दीड मिनिटाची, आणि तिच्यात वडिलांचा व्यवसाय व छंद यांऐवजी तुम्ही काय बनवलंत ते.

पण म्हणायची कुठे? अभ्यासिकेत तर बोलता येत नाही. साताऱ्यात संध्याकाळी ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाकडे चालत जाणारा रस्ता आहे, सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याची चढण आहे. दोघांनी जायचं. एकाने प्रश्न घालायचा, दुसऱ्याने चालता चालता वीस मिनिटं मोठ्याने सोडवायचा, फोन खिशात. नियम एकच: वीस सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहायचं नाही. सुचत नसेल तर काय सुचत नाहीये ते बोलायचं. “अरे, इथे मला मागची संख्या लक्षात ठेवावी लागेल, पण किती मागची ते कळेना,” हेसुद्धा बोलणंच आहे, आणि मित्र म्हणेल, “मग किती मागची लागतेय ते छोट्या उदाहरणावर बघ ना.” पहिले चार-पाच दिवस अवघडल्यासारखं होतं. चढणीवर धाप लागलेली असताना विचार सांगता आला, तर एसीच्या खोलीत सांगता येतोच. घरी परतल्यावर तोच प्रश्न कागदावर पेनाने लिहायचा, कारण कोऱ्या एडिटरमध्ये शब्द पुरे करून देणारं कुणी नसतं.

एचआरच्या फेरीत एक गोष्ट लपवली जाते, ती लपवू नये. पदवीनंतरचं रिकामं वर्ष कुठे गेलं असं विचारलं की मुलं काहीतरी कोर्सचं नाव सांगतात. खरं म्हणजे त्या वर्षात कुणी दुकानात हिशेब लिहिलेले असतात, कुणी घरची आल्याची शेती सांभाळलेली असते, कुणी रात्री खानावळीत काम करून दिवसा अभ्यास केलेला असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे शब्द घराघरांत पोचवले, त्या जिल्ह्यातल्या मुलाने कमावत शिकल्याची लाज का बाळगावी? जबाबदारी कधी घेतलीत, अडचण आली तेव्हा काय केलंत, हेच तर विचारायचं असतं त्यांना. प्रसंग काय होता, तुमच्याकडे काय काम होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, शेवटी काय झालं, या क्रमाने दोन मिनिटांत सांगायचं. ‘आम्ही केलं’ न म्हणता ‘मी केलं’ म्हणायचं. आपल्याला ते उद्धटपणाचं वाटतं, पण त्यांना तुमचा वाटा कळायला हवा असतो.

पगाराचा आकडा ऐकताना घाई नको. समजा वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज. बाराने भागून घरी ‘पस्तीस हजार’ सांगितले जातात आणि त्या हिशेबाने पुण्यात खोली बघितली जाते. आता उदाहरण म्हणून नीट मांडू. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिन्याला १७,५०० रुपये. कंपनीचा पीएफचा वाटा, त्याचे बारा टक्के, वर्षाला २५,२००, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, १०,१०१. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग समजा ३०,०००, विमा ६,०००. उरले ३,४८,६९९, म्हणजे महिन्याला सुमारे २९,०५८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात २६,७५८. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात. हे आधी कळलं तर फसवल्यासारखं वाटत नाही. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर किती महिन्यांचा आणि सोडल्यास किती रक्कम, हे लेखी वाचायचं. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. आणि नोकरीसाठी पैसे मागणारी कंपनी ही कंपनी नसते. ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, फाइल चार्ज, नाव काहीही असो. कित्येक घरांनी दागिने मोडून असे पैसे भरलेले आहेत, म्हणून हे वाक्य मी जितक्या ठिकाणी लिहिता येईल तितक्या ठिकाणी लिहीन.

प्रत्यक्ष बोलावलं तर पुण्याचा प्रवास. स्वारगेट साधारण ११० किलोमीटर, पण हिंजवडी त्याच्याही पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळच्या गर्दीत तो शेवटचा टप्पाच दमवतो. साडेनऊला हजर व्हायचं तर पहाटेची गाडी धरावी लागते. शक्य असेल तर आदल्या रात्री मित्राच्या खोलीवर मुक्काम करावा, झोप झालेली असली की डोकं चालतं. वॉक-इनला, म्हणजे वेळ न ठरवता थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूला, रेझ्युमेच्या चार प्रती, फोटो, आधारची झेरॉक्स, पेन, आणि डबा. दुपारचे तीन वाजेपर्यंत नंबर येत नाही असंही होतं, आणि उपाशी पोटी बायनरी सर्चसुद्धा आठवत नाही.

परतीच्या गाडीत सगळ्यात जास्त मोहाची गोष्ट म्हणजे डोळे मिटून घेणं. उत्तर लगेच कळत नाही. पुष्कळदा कळतच नाही, मेल येत नाही, फोन कुणी उचलत नाही, आणि घरी रोज विचारतात, “काय रे, आला का निरोप?” ही शांतता अभ्यासिकेतल्या शांततेपेक्षा फार जड असते. कंपन्यांनी दोन ओळींचा नकार तरी कळवावा, ते अवघड नाही. उमेदवाराच्या हातात त्या दिवशी एकच गोष्ट असते. कात्रज मागे पडलं की वही काढायची आणि तीन रकाने आखायचे. काय विचारलं, मी काय बोललो, आणि कुठे गप्प झालो. पहिले दोन रकाने घरी गेल्यावरही भरता येतात. तिसरा मात्र खंबाटकीचा घाट यायच्या आत भरायचा, कारण तो लवकर पुसट होतो. ‘दोन यादी एकत्र करा म्हणाले तेव्हा, साधारण दोन मिनिटं. एक यादी आधी संपली तर काय, हे कळत नव्हतं, पण बोललो नाही.’ एवढं नेमकं. म्हणजे दुसऱ्या दिवशी चढणीवर पहिला प्रश्न कुठला घ्यायचा ते ठरलेलं असतं.